इनसोल घालायचा की पायाला कामाला लावायचं?

टाच दुखायला लागली की आपल्या घरांमधून एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी मीठ घातलेलं गरम पाणी, मग कुणीतरी सुचवलेलं तेल, मग मऊ डॉक्टर चप्पल, आणि एवढं करूनही सकाळी पलंगावरून उतरताना कळ आलीच की मोबाईलवर इनसोल, म्हणजे बुटात आत घालायची गादी, शोधायला सुरुवात. तिथे गेलं की माणूस पार गोंधळतो. एकीकडे सिलिकॉनची टाच, जेलचा पतावा, कमानीला टेकू देणारा प्लास्टिकचा तुकडा, मशीनवर उभं करून पायाचं रंगीत चित्र काढून बनवलेला महागडा इनसोल, आणि लगेच खालच्याच व्हिडिओत एक दाढीवाला सांगतोय की बूट हाच पायाचा शत्रू, सगळं फेका आणि अनवाणी चाला, आदिमानव काय इनसोल घालत होता का. दोघंही अगदी ठासून बोलतात आणि दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, हीच तर पंचाईत.

म्हणून आधी पायाच्या आत काय चाललंय ते बघूया, मग इनसोलकडे येऊ.

एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. अख्ख्या शरीरात हाडं 206, त्यातली 52 म्हणजे चौथा हिस्सा फक्त दोन पावलांत. एवढे बारीक बारीक तुकडे निसर्गाने उगाच नाही ठेवलेले. पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा ते सैल असावं लागतं, म्हणजे खाली दगड असो, चिऱ्याची खडबडीत पायरी असो की शेताचा बांध, ते त्या आकाराला बसतं. आणि पुढच्याच क्षणी टाच उचलताना तेच पाऊल कडक व्हावं लागतं, नाहीतर अंगाचं वजन पुढे ढकलणार कसं? हा सैल-कडक बदल प्रत्येक पावलाला होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

तो कसा होतो ते आत्ता बसल्या जागी बघता येईल. अनवाणी पाय जमिनीवर सपाट ठेवा, वजन त्याच्यावर राहू दे, आणि हाताने फक्त अंगठा वर उचला. तळव्याची आतली बाजू, म्हणजे कमान, आपोआप वर चढते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुंध्यापर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. अंगठा वर वळला की हा पट्टा बोटाच्या बुंध्याभोवती गुंडाळला जातो, ताणला जातो आणि टाच नि चवडा एकमेकांकडे ओढतो. हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1954 साली हे नीट मांडलं आणि आजही पायाचा कुठलाही फिजिओ तपासताना हाच अंगठा उचलून बघतो. अंगठा उचलल्यावर कमान आली, किंवा चवड्यावर उभं राहिल्यावर आली, म्हणजे तुमचा सपाट पाय लवचिक आहे. तो दुखत नसेल तर बहुतेक वेळा त्याला काहीच करावं लागत नाही. अंगठा उचलूनही कमान येत नसेल, पाऊल आखडलेलं असेल, तर तो वेगळा मामला, तो दाखवायला पाहिजे.

पट्टा एकटा हे काम करत नाही. तळव्यात चार थरांत छोटे स्नायू आहेत, ते पावलातच सुरू होतात आणि पावलातच संपतात. शिवाय पोटरीतून आणि नडगीच्या मागून लांब स्नायू येतात, त्यांचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, घोट्याला वळसा घालून पावलात शिरतात. जिममध्ये पोटाच्या कोअरबद्दल ऐकून ऐकून कान किटले असतील, तशीच पावलाच्या कोअरची कल्पना काही संशोधकांनी 2015 साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये मांडली. म्हणणं साधंच होतं. कंबर दुखली तर आपण आयुष्यभर पट्टा बांधून ठेवत नाही, स्नायू मजबूत करायला सांगतो, मग पाय दुखला की थेट टेकू द्यायची एवढी घाई का?

आता इनसोल नेमकं काय करतो? तो दाब वाटून देतो. टाचेच्या एका नाण्याएवढ्या जागेवर जे वजन येत होतं ते आजूबाजूला पसरवतो, कमानीखाली उंचवटा असेल तर थोडं वजन तिथे घेतो, आणि पाऊल जास्त आत कलत असेल तर ते कलणं थोडं कमी करतो. त्याने दुखणं कमी होऊ शकतं आणि ते काही कमी नाही, दुखणारा माणूस चालायचाच बंद झाला तर स्नायू आणखी ढेपाळणार. पण इनसोल कमान तयार करत नाही. तो आत आहे तोपर्यंत टेकू, काढला की पाय जसा होता तसा.

हे लहान मुलांच्या आईबापांनी तर कागदावर लिहून फ्रिजला लावावं. पोरगं तीन वर्षांचं, पाय सपाट दिसतात, की लगेच कमानीचे बूट शोधायला पळतात. अहो, त्या वयात बऱ्याच मुलांचे पाय सपाट दिसतात, तळव्याला चरबीची गादी असते आणि सांधे ढिले असतात, पाच-सहा वर्षांपर्यंत कमान हळूहळू दिसायला लागते. 1989 साली एक अभ्यास झाला होता, लवचिक सपाट पाय असलेल्या लहान मुलांना काही वर्षं खास बूट आणि इनसोल देऊन बघितले, काहींना काहीच दिलं नाही. शेवटी एक्स-रे काढले तर गटागटांत फरक नाही, कमान सगळ्यांचीच सुधारली होती.

उलट ह्या बाबतीत आपल्या गोव्याच्या शेजारच्या कर्नाटकातल्या डॉक्टरांचं काम जगभर सांगितलं जातं. राव आणि जोसेफ ह्या दोघांनी 1992 साली 2300 मुलांच्या पायांचे ठसे तपासून दाखवलं की चप्पल-बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पाय 8.6 टक्के आणि अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. त्यातही पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत सगळ्यात जास्त, सँडल-चप्पलवाले मधे. आता ठसे घेऊन केलेल्या पाहणीवरून बुटांमुळेच झालं असं शंभर टक्के म्हणता येत नाही, अनवाणी फिरणारी मुलं इतरही बाबतीत वेगळी असतात, पण विचार करायला लावणारं आहे एवढं नक्की. माझं मत विचाराल तर जून ते सप्टेंबर गोव्यातल्या शाळांत काळे बंद बूट आणि ओले मोजे हा प्रकारच बंद करायला हवा, कमान राहू दे बाजूला, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात त्याचं काय.

इनसोल घातल्याने पाय कमकुवत होतो का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे इंटरनेटवर लोक एकमेकांच्या उरावर बसतात. हात प्लास्टरमध्ये महिनाभर राहिला की प्लास्टर काढल्यावर तो बारीक झालेला दिसतो, तसंच इनसोलचं होतं असं एका बाजूचं म्हणणं. 2020 सालच्या एका छोट्या अभ्यासात तरुण मंडळींना 12 आठवडे माप घेऊन केलेले इनसोल दिले तर तळव्यातल्या काही स्नायूंचा आकार खरंच कमी झालेला दिसला. पण 2011 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात सपाट पायाच्या लोकांना इनसोल आणि पावलाचा व्यायाम दोन्ही एकत्र दिले तर अंगठ्याचा स्नायू नुसत्या इनसोलवाल्यांपेक्षा जास्त वाढला. दोन्ही अभ्यास लहान आहेत, त्यांच्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी मला त्यातून जे समजतं ते असं की इनसोल घालून आपण निवांत बसलो तर पाय सुस्तावणार, आणि दुखणं कमी झाल्याचा फायदा घेऊन त्याच वेळी व्यायाम केला तर इनसोल आड येत नाही. विकणारा मात्र पहिली अर्धीच गोष्ट करून पैसे मोजून घेतो.

टाचदुखीचंच उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त लोक तिच्यामुळेच इनसोलपर्यंत पोचतात. सकाळची पहिली काही पावलं जीवघेणी, मग चालता चालता बरं वाटतं, संध्याकाळी परत ठणका, हे बहुतेक वेळा त्या तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं असतं. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका, ते वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांत सापडतं. डेन्मार्कमध्ये अशा रुग्णांचे दोन गट केले होते. दोघांनाही इनसोल दिले, एका गटाला पट्टा ताणायचा नेहमीचा व्यायाम आणि दुसऱ्याला वजन घेऊन टाच उचलायचा जड व्यायाम. तीन महिन्यांनी जड व्यायामवाले जास्त बरे होते. वर्षाने मात्र दोन्ही गट साधारण सारखेच आले, म्हणजे हा व्यायाम काही जादू नाही, पण सुधारणा लवकर येते आणि पोटरी फुकटात मजबूत होते.

तो व्यायाम सांगतो, कारण त्याच्यात एक बारीक खुबी आहे आणि लोक नेमकी तीच गाळतात. बल्कावाची, म्हणजे घराच्या दारापुढच्या बैठकीची, पायरी असेल तर उत्तम, नसेल तर जिन्याची कुठलीही. एका पायावर उभं राहायचं, टाच पायरीबाहेर लटकती, हात कठड्याला. आणि बोटांच्या खाली टॉवेलची घट्ट गुंडाळी, म्हणजे बोटं वर वळलेली राहतात. ही गुंडाळी म्हणजेच मघाचा अंगठा उचलण्याचा प्रकार, तिच्यामुळे ताण पोटरीबरोबर तळव्याच्या पट्ट्यावरही येतो. मग तीन सेकंदांत टाच वर, वर दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. सुरुवातीला 12 वेळा, अशा तीन फेऱ्या, एक दिवस आड. दोन आठवड्यांनी पाठीला सॅक अडकवून त्यात पुस्तकं टाकायची, वजन वाढवायचं आणि वेळा कमी करून 10 वर आणायच्या, फेऱ्या चार. एका पायावर जमतच नसेल तर दोन्ही पायांनी सुरू करा, लाज कसली. घाईघाईत भराभर टाच वर-खाली करणाऱ्याला ह्याचा काही उपयोग नाही, हळू करणं हाच व्यायाम. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढलेली असेल तर वजन कमी करायचं.

छोट्या स्नायूंसाठी एक वेगळा व्यायाम आहे, त्याला शॉर्ट फूट म्हणतात, दिसायला काहीच नाही पण पहिल्या दिवशी जमत नाही. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर ठेवायचं आणि बोटं न मुडपता चवड्याचा अंगठ्याकडचा भाग टाचेकडे ओढायचा, पाऊल लांबीने थोडं आखूड होतं आणि कमान उचलली जाते. बहुतेक सगळे पहिल्यांदा बोटंच आवळतात, नखं पांढरी होतात, तसं झालं की तळव्याचे छोटे स्नायू राहिले बाजूला आणि पोटरीचे लांब स्नायू सगळं काम करून मोकळे. बोटं सैल पडलेली दिसली पाहिजेत. पाच सेकंद धरायचं, सोडायचं. बसून जमलं की उभं राहून, मग एका पायावर. दुसरा एक खेळ, नुसता अंगठा वर आणि बाकी चार बोटं खाली, मग अंगठा खाली आणि चार वर. मेंदू अक्षरशः अडकतो, पाय ऐकतच नाही, टीव्ही बघताना करा, काही दिवसांनी अचानक जमायला लागतं.

पाय काय करू शकतो हे बघायचं असेल तर नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याचा पाय जवळून बघा. आमच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, येतात त्या काकांचं पाऊल पुढे पंख्यासारखं पसरलेलं, अंगठा आणि शेजारच्या बोटात चांगली फट, करंगळी बाहेर सुटलेली, टाचेला भेगा आणि चवड्याला जाड घट्टे. माडाच्या खोडावर तो अंगठा टेकतो तेव्हा खाचेत बसवलाय असं वाटतं. आपल्या बुटात राहून राहून निमुळत्या झालेल्या पावलाशेजारी ते पाऊल ठेवलं तर एकाच प्राण्याचे पाय वाटत नाहीत. आणि त्या घट्ट्यांमुळे त्यांना खालचं कमी जाणवत असेल असं वाटतं ना, तर नाही. केनियात अनवाणी आणि बूट घालून चालणाऱ्या लोकांचे तळवे तपासून 2019 साली नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं की घट्टा जाड असला तरी तळव्याची संवेदना कमी होत नाही. गादीच्या सोलचं तसं नाही, ती खालचं जाणवणंच मंद करते.

मग सगळ्यांनी चप्पल काढून मिरामारच्या किनाऱ्यावर पळायचं का? थांबा. ह्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आता आहे आणि गोव्यासाठी तर फारच.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरातल्या पाहणीचे आकडे 2023 साली आले, त्यात मधुमेहात गोवा देशात पहिला, 26.4 टक्के. मोठ्या माणसांत साधारण दर चौघांत एक. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा मंदावतात, आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, वैताग, की माणसाला ते कळतच नाही कारण दुखतच नाही. काच घुसते, चटका बसतो, बुटातला खडा दिवसभर रुततो आणि रात्री मोज्यावर रक्त दिसतं तेव्हा कळतं. अशा माणसाला 'अनवाणी चाला, पाय मजबूत करा' हा सल्ला देणं म्हणजे त्याला खड्ड्यात ढकलणं. त्याच्यासाठी इनसोल ही तात्पुरती सोय नाही, औषधासारखीच कायमची गोष्ट आहे, आणि त्याने घरातही चप्पल घालायची. आपल्या देशात ह्याची मोठी परंपरा आहे. वेल्लोरच्या सीएमसी ह्या वैद्यकीय महाविद्यालयात पॉल ब्रँड ह्या डॉक्टरांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम करताना दाखवून दिलं की जखमा रोगामुळे आपोआप होत नाहीत, दुखत नाही म्हणून तोच दाब पुन्हा पुन्हा पडून होतात. आज मधुमेहींना देतात ती मऊ रबराची एमसीआर चप्पल कुष्ठरोग्यांच्या त्याच कामातून पुढे आली. तिच्यात कमानीचा बडेजाव नसतो, दाब वाटून देणं एवढंच तिचं काम.

पाय बधिर आहे की नाही हे घरी बसून ठरवू नका, दवाखान्यात एक नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून बघतात, तो 10 ग्रॅम दाबाला वाकतो, तो जाणवला नाही तर संवेदना कमी झाली. पाच मिनिटांची तपासणी आहे, मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी मागून घ्या. आणि घरातल्या मधुमेही माणसाला दोन गोष्टी मुद्दाम सांगा. पावसाळ्यात बूट-चप्पल पायात सरकवण्यापूर्वी उलटी करून झटकायची, आत खडा, विंचू काहीही असू शकतं. आणि एप्रिल-मेच्या दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा नको, देव सकाळी सातलाही तिथेच असतो. बधिर तळव्याला त्या फरशीने फोड येतात आणि घरी येईपर्यंत कळत नाही.

मधुमेह नसूनही थांबायला हवं असे आणखी काही लोक आहेत. चाळिशी-पन्नाशीनंतर, बायकांत जास्त, एकाच पायाची कमान अलीकडे बसलीये, घोट्याच्या आतून सूज आहे आणि त्या एका पायावर टाच उचलता येत नाही, तर तिथला टेंडन थकलाय किंवा फाटलाय, तिथे टेकू लागतोच आणि उशीर केला तर पाय कायमचा आखडतो. संधिवाताने बोटं वाकडी झालेल्यांचं तेच. अशांनी व्हिडिओ बघून इनसोल फेकू नयेत.

बाकी धडधाकट माणसाने पाय मोकळे करायला हरकत नाही, फक्त सबुरीने. 2021 साली आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात पातळ सोलचे, पुढे रुंद असलेले बूट सहा महिने रोजच्या वापरात घातल्यावर पावलाची ताकद सरासरी 57 टक्क्यांनी वाढली, वेगळा व्यायाम न करता. ऐकायला फार छान. पण 2013 साली अमेरिकेत धावपटूंना दहा आठवड्यांत बोटाबोटांच्या पातळ बुटांवर आणलं तर त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या पावलाच्या हाडांत एमआरआयवर सूज दिसली. स्नायूपेक्षा हाडाला नव्या ओझ्याची सवय व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून चालण्यापासून सुरू करा, धावणं नंतर, आणि महिने धरून चाला.

समुद्रकिनाऱ्याबद्दल सगळे विचारतात. कोरड्या भुसभुशीत वाळूत पोटरी फार ओढली जाते, टाच दुखणाऱ्याने तिथे जाऊच नये. पाण्याजवळची ओली घट्ट वाळू बरी, पण तिला समुद्राकडे उतार असतो, एक पाय सतत खाली राहतो, म्हणून जेवढं एका दिशेने गेलात तेवढंच त्याच वाटेने परत या. रविवारी संध्याकाळपेक्षा सकाळी जा आणि तरी खाली बघत चाला, बाटल्यांचे तुकडे टाकणारे पर्यटक आणि आपलेच लोक दोघेही काही सुधारत नाहीत. कुत्री जिथे लोळतात त्या सावलीतल्या वाळूत पायाला जंत घुसून त्वचेखाली नागमोडी खाजरी रेघ उठते, तीही टाळा. घरातल्या गुळगुळीत टाईल्सवर मात्र टाचेचं दुखणं चालू असेपर्यंत चप्पल घालाच, त्यात काही कमीपणा नाही.

चप्पल-बूट घेताना एक साधी युक्ती. वर्तमानपत्रावर उभं राहून पेन्सिलीने पावलाची रेघ काढा, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. त्या रेघेवर बूट ठेवा. करंगळीकडची नि अंगठ्याकडची रेघ बुटाच्या बाहेर डोकावत असेल तर तुम्ही तेवढं पाऊल रोज आत कोंबताय. इनसोल टाकणार असाल तर बुटातला मूळ पतावा आधी काढा, नाहीतर आत जागाच उरत नाही आणि टाच बरी करता करता बोटांना कुरूपं. साधे फोमचे इनसोल काही महिन्यांत चपटतात, अंगठ्याने दाबून उभारी येत नसेल तर ते फक्त जागा अडवतात.

माप घेऊन महागडा इनसोल करून घ्यायला सांगितलं तर दोन गोष्टी विचारा, हा कुठल्या दुखण्यासाठी आणि किती दिवसांसाठी. साध्या टाचदुखीत तयार मिळणारा बरा इनसोल आणि माप घेऊन केलेला ह्यांत आतापर्यंतच्या अभ्यासांत फारसा फरक दिसलेला नाही, म्हणून आधी स्वस्तातला घालून बघण्यात काही चूक नाही. उत्तर 'कायम' असं आलं तर का ते समजून घ्या, बधिर पाय असेल तर ते बरोबरच आहे. नसेल तर दुखणं थांबून टाच उचलायचा व्यायाम नीट जमायला लागला की इनसोल आधी घरातल्या घरात काढायचा, मग बाजाराच्या छोट्या फेरीला, आणि दिवसभर उभं राहायचं असेल त्या दिवशी परत घालायचा, असं करत करत सुटतो.

आणि घरात सत्तरीची आई-आजी असेल तर हे सगळं तिच्यासाठीही आहे. म्हातारपणी बोटांची पकड कमी झालेली माणसं जास्त पडतात असं ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात 2009 साली दिसलं होतं. तिला पायरी-बियरी नको, स्वयंपाकघराचा ओटा दोन्ही हातांनी धरून दोन्ही टाचा हळू वर, हळू खाली, चहा उकळेपर्यंत.